दोनशे बारा नंबरचे पान

अप्पा गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणत नसत. यावरून ते मायाळू होते असे कोणी समजू नये. त्यांच्या वडिलांचे अंबाजोगाईत कापडाचे दुकान होते. त्या दुकानाच्या गादीवर लहानपणी त्यांना शिकवले गेले ते एवढेच, की मागितलेला माल संपला असेल तर 'संपला' म्हणायचे नाही. मुकाट्याने शेजारचा तागा ओढून पुढ्यात उलगडायचा. निम्मी गिऱ्हाइके तोच घेऊन जातात. "लोकाला काय पाहिजे ते लोकाला कुठं ठाऊक असतंय," अप्पा म्हणत. "समोर येतंय तेच त्यांला पाहिजे असतंय."

पुढे दुकान भावांकडे गेले आणि अप्पांनी बसस्थानकामागच्या गल्लीत दोन खोल्यांचे कॉम्प्युटर सेंटर काढले. नव्वदीची वर्षे संपत आली होती. एसटीडी बूथवाले एकेक कॉम्प्युटर मांडू लागले होते आणि गावात येणारा प्रत्येक पाहुणा 'इंटरनेट' हा शब्द एकदा तरी बोलून जाई. अप्पा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके करून देत, आणि वर्षातून एकदा आमच्या लिंगायत समाजाची वधू-वर सूची छापत. लातूर, उदगीर, सोलापूर, पुणे, सगळीकडून नावे येत. प्रत्येक नावाला एक नंबर असे. पुण्यातल्या कोणाच्या तरी सर्व्हरवर भाड्याची जागा घेऊन त्यांनी ती सूची वेबसाईटवर चढवली तेव्हा नंबर तेच ठेवले. छापील सूचीत एकशे दहा नंबरची मुलगी असेल, तर वेबसाईटच्या पत्त्यापुढे एकशे दहा लिहिले की तिचे पान उघडत असे.

मी घाटनांदूरची. मराठी घेऊन बी.ए. झाले होते आणि रोज बसने जाऊन अप्पांकडे टायपिंग करत होते. काम नसले की पुस्तक उघडून बसते, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मास्तरीणबाई हे नाव दिले. ते नाव त्यांनी शेवटपर्यंत एकदाही प्रेमाने उच्चारले नाही.

अप्पा दहावीपर्यंत शिकलेले. इंग्रजी त्यांना जड जाई, आणि सर्व्हरचे नियम कसे लिहायचे याची सगळी माहिती इंग्रजीत. त्यांनी तिचा जाडजूड गठ्ठा छापून घेतला होता. दुपारी मी शब्दकोश मांडीवर घेऊन तो मराठीत मोठ्याने वाचायची आणि अप्पा डोळे मिटून ऐकायचे. मी एखादे वाक्य सोडून पुढे गेले की डोळे न उघडता म्हणायचे, "मधलं गाळू नको. शहाणपण मधीच असतंय." अडखळले तर, "बी.ए. कुठं झालीस गं? गुरांच्या दवाखान्यात?" तीन महिने आम्ही तो गठ्ठा वाचला. मला जे काही येते ते मी त्या तीन महिन्यांत शिकले, आणि अप्पांनाही मीच ते वाचून दाखवले. पण आमच्यात गुरू कोण होते याविषयी आम्हा दोघांनाही कधी शंका आली नाही.

आमच्या वेबसाईटला दोन पत्ते होते. एक पुढे तीन डब्ल्यू लावलेला, एक बिनडब्ल्यूचा. लोक दोन्हीकडून येत. एका पत्त्यावर परवलीचा शब्द देऊन आत गेलेला माणूस दुसऱ्या पत्त्याने आला की सर्व्हर त्याला ओळखत नसे. मग मुलांचे बाप फोनवर ओरडत. "घराला दारं किती का असंनात," अप्पा म्हणाले, "उंबरा एकच पाहिजे." सर्व्हरवर एक साधी फाईल असते. येणारा कुठल्याही पत्त्याने आला तरी त्याला आपल्या पसंतीच्या पत्त्यावर वळवायचे, असा नियम तिच्यात एका ओळीत लिहिता येतो. ती ओळ मी लिहिली. बिनडब्ल्यूवाल्याला तीन डब्ल्यूकडे पाठव.

पुण्याच्या सर्व्हरवाल्याने आधीच नेमका उलटा नियम घालून ठेवला आहे हे मी पाहिले नव्हते. त्यामुळे माझा नियम माणसाला इकडे पाठवी, त्याचा नियम तिकडे, आणि कोणालाही काहीच दिसेना. तो वधू-वर मेळाव्याचा दिवस होता. सकाळपासून फोन खणखणत होता.

अप्पांनी मला सेंटरच्या दारात बोलावले. वैशाखातले ऊन होते.

"बसस्टँडपर्यंत जा. तितं पोचलीस की परत ये. हितं आलीस की परत जा."

"किती वेळा?"

"कोणी थांब म्हणत न्हाई तवर."

मला वाटले चेष्टा आहे. अप्पा खुर्ची घेऊन दारात बसले तेव्हा कळले, नाही. मी चालले. चौथ्या फेरीला पानटपरीवाला हसला, "काय मास्तरीणबाई, बस चुकली का?" अप्पा बसल्या जागेवरून ओरडले, "बस न्हाई, अक्कल चुकली तिची." अकराव्या फेरीला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तेव्हा ते म्हणाले, "थांब. आता कळलं का लोकाला काय होतंय?" मग स्वतः जाऊन चप्पल शिवून आणली आणि माझ्यासमोर टाकली, हातात दिली नाही. त्यानंतर आजवर असा घोळ माझ्याकडून झालेला नाही. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे हसणारे चेहरेही मी विसरलेले नाहीत.

फॉर्म भरून घेताना अप्पा जास्तच निर्दय होत. मुलीचे वडील रंगाच्या रकान्यात 'गहूवर्ण' लिहीत. अप्पा फॉर्म उलटा करून परत सरकवत. "साऱ्या मराठवाड्यात गहूच पेरला का बे? आपल्याकडं बाजरीबी पिकती." कोणी म्हणाले की अप्पा, थोडे इकडेतिकडे चालते, तर उत्तर ठरलेले असे: "फोटोत चालतंय. घरी आल्यावर काय करताव? तोंडावर पडदा टाकताव?"

माझ्या मानेवर डाव्या बाजूला बोराएवढा पांढरा डाग आहे. कोडाचा. बाबांनी माझ्या फॉर्मवर 'निर्व्यंग' असे लिहिले होते. अप्पांनी तो कागद माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "खोड. मानेवर कोड, असं लिव्ह."

बाबा गयावया करत म्हणाले, "अप्पा, पोरगी तुमच्याकडंच कामाला हाय. जरा…"

"म्हणूनच. माझ्या माणसाचं खोटं मी लिव्हत न्हाई."

मी लिहिले. माझा नंबर दोनशे बारा. तीन वर्षे माझ्यासाठी कोणी आले नाही.

एखाद्या मुलीचे लग्न ठरले की तिचे पान काढावे लागे. पण छापील सूची गावोगाव वर्षानुवर्षे फिरत असे आणि लोक जुना नंबर टाकून येतच राहत. त्यांना 'हे पान सापडले नाही' असे दिसे. अप्पांना ते पान म्हणजे दुकानाच्या तोंडावर मारलेले कुलूप वाटे. एके दिवशी त्यांनी तागे उलगडायची युक्ती इथे लावली. ठरलेल्या मुलीच्या नंबरवर आलेल्या माणसाला तिच्या धाकट्या बहिणीच्या पानावर वळवायचे. आमच्याकडे थोरली गेली असेल तर धाकटी आहे का म्हणून विचारतातच. ही चौकशी सर्व्हरच करू लागला. लोक खूश झाले. उदगीरच्या एका घरी तीन बहिणी ओळीने खपल्या. पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, आणि तिसरीचेही ठरल्यावर अप्पांनी तिचा नंबर सरळ भावाच्या पानावर वळवला. सोलापूरहून फोन आला, "अवो, पोरगी बघायला बसलोय तर मिशा निघाल्या!" अप्पा शांतपणे म्हणाले, "घर तर चांगलं हाय ना? तुमच्यात पोरगी हाय का एखादी?"

वळवण्याचे दोन प्रकार असतात, कायमचे आणि तात्पुरते. कायमचे लिहिले की शोधयंत्रेही जुना पत्ता पुसून नवा धरतात. तात्पुरते लिहिले की ती परत परत येऊन जुन्याची चौकशी करत राहतात. अप्पा तात्पुरते कधीच लिहू देत नसत. "तात्पुरतं म्हंजी आशा. आशा गठ्ठ्यात बांधून ठिवली की कसर लागती."

सर्व्हर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवतो. केव्हा आला, कुठले पान मागितले. अप्पा रोज सकाळी ती नोंद पेपरासारखी वाचत. एका सोमवारी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शिकायला आलेल्या पोरांच्या देखत म्हणाले, "मास्तरीणबाई, दर रविवारी अकराच्या सुमाराला कोणीतरी सरळ दोनशे बारा मागतंय. दुसरं कायबी बघत न्हाई. बघतंय अन् उठून जातंय." पोरे हसली. त्या दिवसापासून तो 'रविवारवाला' झाला. "आलता बरं का तुझा रविवारवाला." "काल जरा उशिरा आला, येष्टी चुकली असंल." मी मान खाली घालून टाईप करत असे. पण मी सोमवारची वाट पाहू लागले होते, आणि हे अप्पांना कळत होते.

सातव्या रविवारनंतर वेबसाईटच्या ई-मेलवर रविवारवाल्याचे पत्र आले. पत्रे उघडायचे काम माझ्याकडेच असे. तो उमापूरचा होता, शाळेत शिक्षक. चार ओळी होत्या. कोडाचे वाचले, त्याचे मला काही वाटत नाही. येत्या रविवारी आईला गेवराईच्या कॉम्प्युटर सेंटरवर घेऊन येतो आणि तुमचे पान तिला दाखवतो. तिने पाहिले की आम्ही घरी येऊ. तोवर कोणाला सांगू नये ही विनंती.

मी कोणाला सांगितले नाही. उत्तरही लिहिले नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलीला चार ओळी सुचल्या नाहीत.

त्याच शनिवारी बाबा सेंटरमध्ये आले. शैलाचे, माझ्या धाकट्या बहिणीचे पान नुकतेच चढले होते, तीनशे चाळीस नंबरवर. बाबा माझ्याकडे न बघता अप्पांशी बोलले. शैलासाठी विचारणारे लोक आधी 'थोरलीचे काय?' असे म्हणतात. सूचीत शोधतात. कोड वाचतात. मग बोलणे तिथेच थांबते. "दोनशे बारावर येणारा माणूस शैलाच्या पानावर न्या, अप्पा. तुमचा तो नियम हाय ना, बहिणी-बहिणीचा."

"तो लगीन ठरलेल्या पोरींचा हाय," अप्पा म्हणाले. "ही तर हितं बसलीय."

"हाय. पण तीन वर्सं झाली."

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ.

"लिव्ह, मास्तरीणबाई."

"सोमवारी लिहू का?"

"कावून?"

मी कीबोर्ड पुढे ओढला.

"रविवारी कोणी यायचंय का?"

बाबा माझ्याकडे वळले. "कोण यायचंय गं?"

"कोणी नाही."

"मग लिव्ह," अप्पा म्हणाले.

मी ओळ लिहायला घेतली. आधी प्रकार, मग जुना पत्ता, मग नवा. प्रकाराच्या जागी मी 'तात्पुरते' असा अर्थ असलेला शब्द लिहिला. मला वाटले अप्पांना इंग्रजी वाचता येत नाही. पण तो शब्द मीच त्यांना शिकवला होता. त्यांनी वाकून पडद्यावर बोट ठेवले. "ह्ये खोड." मी खोडले. कायमचे, दोनशे बारा, तीनशे चाळीस.

एक गोष्ट मला इथे लिहिलीच पाहिजे. परवलीचा शब्द मला पाठ होता. रविवारी सकाळी घाटनांदूरच्या बूथवर जाऊन ती एक ओळ मला काढता आली असती. मी घरात बसून राहिले. 'कोणी नाही' हे बाबांनी माझ्याच तोंडून ऐकले होते, आणि ते खोटे होते हे त्यांच्यासमोर म्हणायचे धैर्य माझ्यात नव्हते. एवढा भाग अप्पांच्या नावावर टाकता येत नाही.

सोमवारी अप्पांनी नोंद वाचली, नेहमीच्याच आवाजात. "अकरा वाजून धा मिन्टं. दोनशे बारा मागितलं. तीनशे चाळीसवर गेला. फोटो मोठा करून बघितला." मग खाली बोट फिरवत गेले. "परत दोनशे बारा मागितलं न्हाई. माणूस चुकीच्या घरी शिरला तर भाईर येऊन एकदा तरी पाटी बघतोय. ह्यानं बघितली न्हाई."

पंधरा दिवसांनी उमापूरहून बाबांना फोन आला. ती माणसे शैलाला बघायला आली. चहा शैलाने नेला. मी स्वयंपाकघरात होते. जाताना तो पाणी मागायला दारापर्यंत आला, तेव्हा मी तांब्या दिला. त्याने माझ्या मानेकडे पाहिले, मग तांब्यात पाहिले, आणि सगळे पाणी प्यायला. उन्हाळ्यात लग्न झाले. अप्पा आले, पोटभर जेवले आणि व्याह्यांना वेबसाईटचा पत्ता लिहिलेले कार्ड देऊन गेले.

लग्नानंतर आठवड्याने मी अप्पांना सांगितले की मी पुण्याला काम शोधायला जाते. त्यांनी मान हलवली. मला तेवढे पुरले नाही.

"तुम्हाला ठाऊक होते तो रविवारी येणार."

"व्हतं."

"मग एक दिवस थांबायला काय झाले होते?"

"एक दिस थांबलो असतो तर तो तुझा नवरा झाला असता," अप्पा म्हणाले. "सात रविवार आला. गेवराईपसून घाटनांदूर काय काशी हाय का? अर्ध्या दिसाची येष्टी. पायानं एकदा आला का? म्या एक ओळ लिव्हली अन् गडी वळला. घरात न्हेला असतास तर जलमभर कुणीबी वळवला असता त्याला. आज आईनं, उद्या आणिक कुणी."

"ते ठरवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?"

अप्पा नोंदीचा कागद पुढे ओढून म्हणाले, "जाताना किल्ली ठिवून जा."

पुण्यात मला काम मिळाले ते त्याच सर्व्हरवाल्याकडे, ज्याच्या उलट्या नियमाने मला उन्हात चालवले होते. रुजू झाल्यावर महिन्याने त्याने हसत सांगितले की मी यायच्या आधी अंबाजोगाईहून फोन आला होता. "ते म्हणाले, पोरगी कोडाची हाय, तोंड उघडत न्हाई, हट्टी हाय. पण तिचा नियम चुकायचा न्हाई."  मी अप्पांना फोन केला नाही. आज माझ्या हाताखाली बारा माणसे आहेत. मी कोणाला उन्हात उभे करत नाही. पण नवीन मुलगा नियम लिहू लागला की मी त्याच्या मागे जाऊन उभी राहते, आणि बोलते तेव्हा समोरच्याचा चेहरा उतरतो. तो आवाज कोणाचा आहे हे मला माहीत आहे.

लग्न मी केले नाही. कोणी विचारले नाही असे नाही. विचारणारा बोलू लागला की मी त्याला मनातल्या मनात दुसऱ्या पत्त्यावर वळवून बघत असे, आणि तो वळलेला दिसे. ही खोड अप्पांनी लावली. ती मला अजून मोडता आलेली नाही.

अप्पा गेल्याचे शैलाने कळवले. साखरेच्या आजाराने आधी पाय गेला, मग डोळे. शेवटची दोन वर्षे नोंद त्यांना कोणीतरी वाचून दाखवत असे आणि तो मधले गाळतो म्हणून ते त्याला शिव्या देत, असे ऐकले. मी पोचले तेव्हा त्यांना मांडी घालून बसवले होते, कपाळभर विभूती, गळ्यात फुले. खड्डा तयार होता. शैला बायकांत होती. तिचा नवरा लिंबाच्या सावलीत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी या विषयावर एक अक्षर बोलला नव्हता.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "त्या रविवारी आईला पान दाखवायला बसवलं, तर दुसराच फोटो आला. मला कळलं होतं, ह्या तुम्ही नाहीत."

माणसे अप्पांना खड्ड्यात उतरवत होती, मी तिकडे पाहत होते.

"आई म्हणली, ही बरी हाय. मी म्हणलं, बरं." तो थोडा हसला. "मशीनचंच काहीतरी झालं असंल, असं म्हणून सोडून दिलं. तुमचा राग नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. ते खरे होते. त्याच्यावर राग धरावा इतका तो माझ्या मनात उरलाच नव्हता. राग होता तो खड्ड्यात बसवलेल्या माणसावर. अप्पांचे म्हणणे खरे निघाले होते, आणि खरे निघाले तरी त्यांनी केले ते बरोबर ठरत नव्हते. हे त्यांना तोंडावर सांगायचे होते. ते माझे वाक्य मध्येच तोडतील, मला बी.ए.वरून बोलतील, मग मी चिडेन आणि जास्त नीट सांगेन, अशी माझी सगळी तयारी त्या क्षणी झाली होती.

जंगम पुरोहितांनी माती द्यायला या म्हणून खूण केली. मी पुढे गेले, मूठ भरली. ती उघडायला मला बराच वेळ लागला. मागचे लोक खोळंबून उभे होते.